सांबालची सरासरी

सतरा ऑगस्टला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या सेमारांगच्या गल्लीत बायकांची सांबाल, म्हणजे आमचा मिरचीचा ठेचा, कुटायची स्पर्धा असते. गल्लीप्रमुख पाक कासिदी दरवर्षी हाताने गुण मांडतात आणि दरवर्षी भांडणं होतात. यंदा मी म्हटलं, "द्या इकडे! मी एक्सेलवर सरासरी काढतो. यंत्र कुणाची भीड धरत नाही." (कचेरीत मला नुकतंच एक्सेलचं प्रशिक्षण मिळालं होतं. प्रमाणपत्रावर नाव दुसऱ्याचंच पडलं, पण ते असो.)

यादीत पहिलं नाव बायकोचं, वुरीचं घातलं. (घरी जेवायचं असतं.) शेवटचं सासूबाईंचं, त्या त्याच सकाळी कुदुसहून बसने आल्या आणि थेट दगडी खलापाशी बसल्या.

पाक कासिदी आणि बाकीच्या परीक्षकांनी चाखलं, नाकडोळे पुसले, गुण दिले. सरासरी झकास निघाली. आता फक्त मोठ्या आकड्यापासून छोट्यापर्यंत लावायचं होतं. बटण दाबलं, तर कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. वुरी काही विचारते तेव्हा मी न ऐकता 'हो' म्हणतो आणि पस्तावतो. म्हणून इथे न वाचता 'नाही' म्हटलं.

"पहिली... वुरी!" मी माईकवर ओरडलो. "आणि शेवटी... अं... सासूबाई."

"आई, मनाला लावून घेऊ नकोस हं," वुरी बक्षिसाचा टेबलफॅन मांडीवर घेत म्हणाली. आवाजात दुःख औषधालाही नव्हतं.

सासूबाईंनी खल धुऊन पिशवीत भरला. "जावईबापू, परतीची बस कधी आहे?"

पाक कासिदी माझ्या कानाशी लागले. "विग्न्यो, अरे आजींना मी दहापैकी दहा दिलेत!"

मी यादी पुन्हा पाहिली. नुसता गुणांचा रकाना हलला होता. नावं जागच्या जागी! बरोबर नावंही हलवू का, एवढंच कॉम्प्युटरने विचारलं होतं. पहिल्या नावाला सगळ्यात मोठा आकडा, शेवटच्या नावाला सगळ्यात छोटा.

गप्प बसलो असतो तर सासूबाई संध्याकाळच्या बसने गेल्या असत्या. (या फायद्याचा विचार मी केला. माणूसच आहे.) पण म्हातारी पिशवी कवटाळून डोळे पुसत होती, आणि ते मिरचीमुळे नव्हतं. मी माईक उचलला.

"चूक झाली! सासूबाई पहिल्या! आणि वुरी... वुरी शेवटून पहिली."

पाक कासिदींनी पंखा एका मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. वुरीने नाही.

घरी मी समजूत घालायला गेलो. "अगं, सरासरीच सगळं नसतं. मी स्टँडर्ड डिव्हिएशनही काढलंय, आणि तुझं सगळ्यांत कमी! म्हणजे तुझ्या सांबालबद्दल सगळ्या परीक्षकांचं एकमत आहे."

"कशाबद्दल एकमत?"

मी घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला.

"तुम्ही मला मागणी घालायला आलात ना," वुरी शांतपणे म्हणाली, "तेव्हा तुमच्याबद्दल माझ्या सगळ्या मावश्यांचं असंच एकमत होतं. मीच एकटी वेगळी निघाले."

आतून सासूबाई म्हणाल्या, "एकटीच गं! मीसुद्धा मावश्यांच्याच बाजूने होते."