क्लबनिष्ठेच्या हस्तांतरणास पत्नीची संमती

धर्म, पक्ष आणि चष्म्याचा नंबर माणसाला आयुष्यात बदलता येतो. फुटबॉलचा क्लब बदलता येत नाही. (पक्षाच्या बाबतीत आमच्या गोव्यात खास सोय आहे. माणूस सकाळी एका पक्षात चहा-उंडो घेतो, दुपारी दुसऱ्या पक्षात जेवतो आणि संध्याकाळी मंत्री होऊन घरी येतो. घरचे फक्त जेवण झालंय का, एवढंच विचारतात.) क्लब बापाकडून येतो आणि पोराकडं जातो. मधली काही वर्षं तो आपल्याकडं असतो, तेव्हा आपण नुसते वहिवाटदार.

हे मी अधिकारानं सांगतो. मी शिवदास. डिचोलीच्या एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क आणि मुळगाव सनराइज स्पोर्ट्स क्लब या संस्थेचा मानद चिटणीस. क्लबाची स्थापना माझ्या वडिलांनी आणि आणखी सहा जणांनी केली. सातांपैकी एकालाही फुटबॉल खेळता येत नव्हता, त्यामुळं मतभेद झाले नाहीत. या हकिगतीच्या आधीच्या चौदा हंगामांत क्लबानं अठ्ठ्याऐंशी सामने खेळून चार जिंकले. पहिल्या विजयात समोरच्या संघाचा टेंपो अस्नोड्याला बंद पडला होता. दुसऱ्या विजयाच्या दिवशी त्यांच्या गावची जत्रा होती. तिसऱ्याचा तपशील दप्तरात सापडत नाही. चौथा सामना आम्ही चक्क खेळून जिंकलो, तो कसा, याची चौकशी अजून चालू आहे.

असल्या क्लबावर पोरानं जीव टाकावा, हे आपोआप होत नाही. जिंकणाऱ्या क्लबाचं काय हो, त्याला वाटेवरचा माणूससुद्धा पाठिंबा देतो. हरणाऱ्या क्लबाला पद्धत लागते. ती मी घालून दिली, आणि ती मला स्वतःलाच फार आवडते.

बारशाला आत्या बाळाच्या एका कानात नाव सांगते. दुसरा कान रिकामाच असतो, त्यात चिटणीस क्लबाचं नाव सांगतो. सहाव्या महिन्यात उष्टावण असतं, तेव्हा पेजेच्या पहिल्या चमच्याआधी एक लांब शिट्टी वाजवायची. (बाळ रडलं तर निरोगी समजावं.) तिसऱ्या वर्षी पिवळी जर्सी द्यायची, मोठ्या माणसाच्या मापाची, म्हणजे पोर तिच्यात सावकाश वाढतं. पाचव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून पहिला पराभव बघायचा. हा पराभव किमान तीन गोलांचा असावा, कारण एका गोलानं हरलं की पोराला आशा वाटू लागते, आणि तिचा त्रास पुढं आईबापांना होतो. आठव्या वर्षी फॉर्म भरायचा.

या पद्धतीनं एकेचाळीस पोरांपैकी एकोणचाळीस कायम झाली. उरलेल्या दोघांतला एक मस्कतला आहे, तिथून पत्र टाकून निकाल विचारतो आणि तो कळला की दोन महिने पत्र टाकत नाही. दुसरा बुद्धिबळ खेळू लागला. त्याच्या घरचे अजून गावातच राहतात आणि आम्ही त्यांच्याशी बोलतोसुद्धा.

आता फॉर्म आठ. तो मी कचेरीतल्या जमीनविक्रीच्या कागदावरून बनवला. तयार नमुना समोर असताना डोकं चालवणं हे आमच्या नोकरीत उद्धटपणाचं लक्षण मानतात. त्यामुळं फॉर्मात सर्व्हे नंबर आहे, चतुःसीमा आहेत, ‘झाडे असल्यास संख्या’ आहे. आणि सगळ्यात खाली ‘पत्नीची संमती व सही’ आहे. चौदा वर्षं गावातल्या बायकांनी तिथं न वाचता सही केली, कोणी पिठाच्या डब्यावर कागद ठेवून, कोणी भिंतीला लावून. मग पाळी माझ्या घरची आली.

माझी बायको सुमंगला पेडणे महालातल्या हळर्णची. लग्नाआधी तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. ती शाळेत शिकवते आणि नोकरी सोडणार नाही, ही एक. तिचे वडील गोपाळराव हे फोर्ट इलेव्हन, हळर्ण या क्लबाचे गोलकीपर होते, ही दुसरी. पहिली मी नीट ऐकली.

आमची मुलगी सेजल आणि गोव्याचं घटक राज्य ही दोघं सत्त्याऐंशी साली जन्मली. तेव्हा राज्याची भाषा कोणती, यावर लोकांची डोकी फुटत होती. आमच्या घरात तो प्रश्न कधीच आला नाही. आपली भाषा मराठी, हे मी येईल त्याला कोंकणीतून ठणकावून सांगत असे. पण त्याच घरात दुसरा एक क्लब आठ वर्षं गप्प बसून होता, हे मला कळलं नाही.

सेजलला आठ वर्षं झाली त्या रविवारी मी फॉर्म मेजावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून सुमंगलेच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला आणि सर्व्हे नंबरापासून वाचायला सुरुवात केली.

“हांगा सही कर,” मी म्हणालो.

“वाचिनासतना सही करपाक हांव कितें मामलेदार?”

पंधरा मिनिटांनी तिनं विचारलं, बायकोची संमती कशाला लागते? मला बरं वाटलं. घरात कायद्याचं कोणी विचारत नाही. मी सांगितलं, की पोर्तुगीज गेले पण त्यांचा दिवाणी कायदा इथं राहिला, आणि आमच्या दोघांत लग्नाआधी वेगळा करार झालेला नाही. म्हणून जे नवऱ्याचं त्यातला अर्धा वाटा बायकोचा, जे बायकोचं त्यातला अर्धा नवऱ्याचा. तिच्या सहीशिवाय वालाचा वेलसुद्धा हस्तांतरित होत नाही.

“म्हणजे तुमच्या क्लबातलो अर्धो वाटो म्हजो,” ती म्हणाली. “आणि बाबांकडून माका हळर्णाक काजूची पाच झाडां आणि फोर्ट इलेव्हन मेळ्ळो. झाडांतलो अर्धो वाटो तुमी घेतलो. मागीर क्लबातलो कित्याक सोडलो?”

मी पाणी प्यायलो. तोवर तिनं रकान्यात शाळेच्या तांबड्या शाईनं ‘हरकत आहे’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मला फार लागलं. मला आयुष्यात मोठं काही नको होतं. सेजलनं माझ्याशेजारी मेरेवर (शेताचा बांध म्हणा) बसावं आणि आम्ही दोघांनी मिळून हरावं, एवढीच इच्छा होती. माझे वडील माझ्याशेजारी बसून बारा वर्षं हरले. तसलं सुख बाजारात मिळत नाही.

वाद वकील कृष्णनाथ यांच्याकडं गेला. हे गृहस्थ आठवडाभर डिचोलीत वकिली करतात आणि रविवारी रेफ्री असतात, त्यामुळं दोन्ही ठिकाणी अपील करायची सवय लोकांना आपोआप लागली आहे. त्यांनी पहिला प्रश्न काढला, की क्लबनिष्ठा ही मालमत्ता स्थावर की जंगम? सनराइज चौदा वर्षं शेवटच्या क्रमांकावरून हललेला नाही, ही गोष्ट लक्षात घेऊन त्यांनी ती स्थावर ठरवली. स्थावर म्हटल्यावर वाटणी आली. सामन्याला निसर्गतःच दोन हाफ असतात, म्हणून पुढीलप्रमाणे तडजोड झाली:

पहिल्या हाफमध्ये सेजल मुळगावची राहील. दुसऱ्या हाफमध्ये हळर्णची राहील. मधल्या रेषेवर तिचं कदेल (खुर्ची म्हणा हवं तर) ठेवलं जाईल आणि हाफ टाइमला ते ती स्वतः फिरवील, कोणी हात लावणार नाही. जादा वेळ झाल्यास ती कोणाचीही नसेल, आणि तेवढा वेळ तिच्या तोंडात जत्रेतलं गोड खाजं राहील, म्हणजे चुकून कोणाच्या नावानं ओरडणं होणार नाही.

या तडजोडीची पहिली अंमलबजावणी फेब्रुवारीतल्या रविवारी झाली. आंतरग्राम चषकाचा सामना, मुळगाव सनराइज विरुद्ध फोर्ट इलेव्हन, हळर्ण. मैदान म्हणजे भात कापून झालेलं आमचं शेत. पश्चिमेच्या मेरेवर मी आणि मुळगाव, पूर्वेच्या मेरेवर सुमंगला आणि तिचं माहेर. ती इतकी नटून आली होती की लग्नातसुद्धा तेवढी नटली नव्हती. शेताला लागून खाणीचा रस्ता. मुरगाव बंदरात खनिज न्यायला बोट लागली होती, म्हणून रविवार असूनही ट्रक धावत होते, आणि दर ट्रकामागं तांबड्या धुळीचा एक लोट मैदानावर येऊन बसत होता.

पहिल्या हाफमध्ये सेजल अशी ओरडली की मेरेवरच्या म्हशी उठल्या. एकतिसाव्या मिनिटाला सनराइजनं गोल केला. आम्हाला गोल झाल्यावर काय करतात ते चटकन आठवेना. मग शिट्टी झाली, आणि माझ्या पोरीनं उठून कदेल फिरवलं. कागदावर मीच सही केली होती, तरी ते कदेल फिरताना मी दुसरीकडं बघितलं. पासष्टाव्या मिनिटाला हळर्णनं गोल केला. सुमंगलेनं पलीकडून माझ्याकडं बघून हात हलवला.

एक-एक. जादा वेळ. सेजलच्या तोंडात खाजं गेलं.

इथं तांत्रिक बाब लक्षात घ्यावी. आमची जर्सी पिवळी, त्यांची पांढरी, पण दोन तासांनी मैदानावर बावीस तांबडी माणसं उरली होती. खेळाडू एकमेकांना ओळखण्यासाठी आडनाव विचारून पास देत होते. एकशे बाराव्या मिनिटाला एकापाठोपाठ तीन ट्रक गेले, आणि त्या लोटात गोल झाला.

दोन्ही मेरा एकदम उठल्या. दोन्ही संघांतल्या खेळाडूंनी आपापल्या माणसांना मिठ्या मारल्या, काहींनी चुकून समोरच्यांनाही. गोल कोणत्या टोकाला झाला हे दिसत होतं, कारण बॉल जाळ्यात होता. पण त्या टोकाचा गोलकीपर कोण, असं कृष्णनाथांनी विचारलं, तेव्हा दोन्ही गोलकीपर दुसऱ्या टोकाला उभे असलेले आढळले.

मग कृष्णनाथांना एक कायदेशीर मुद्दा सुचला. शेतातल्या सहाशे माणसांत त्या क्षणी निःपक्षपाती अशी एकच व्यक्ती होती, आणि ती रीतसर कागदानं निःपक्षपाती होती. ते कदेलापाशी गेले. मी तिच्याकडं बघत होतो, सुमंगला तिच्याकडं बघत होती. गोलाचं मला तेवढं नव्हतं. ती मुळगाव म्हणते की हळर्ण म्हणते, यावर माझं पुढचं सगळं आयुष्य लटकलेलं होतं.

“गोल कोणी मारलो, बाय?”

सेजलनं खाजं गिळलं. “खबर ना. पूण गोल बरो आशिल्लो.”

“कोणाचो बरो आशिल्लो?”

“गोलच बरो आशिल्लो,” ती म्हणाली, आणि बॉल कुठून आला, एकानं दोघांना कसं चुकवलं, मग तो कसा वळला, हे ती उभी राहून पायानं दाखवू लागली. कृष्णनाथांनी तिला थांबवलं. हा भाग अप्रस्तुत आहे, असं ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच दोन्ही मेरांनी मान डोलावली.

गोल अर्धा-अर्धा वाटण्यात आला. निकाल: मुळगाव दीड, हळर्ण दीड. दोन्ही क्लबांनी आपापल्या गावात फटाके लावले, आणि दोन्ही वह्यांत त्या तारखेला विजय लिहिलेला आहे.

सेजलच्या बाबतीत तीन जणांची समिती नेमली. मी, सुमंगला आणि कृष्णनाथ. समितीचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे: ‘सदर मुलगी सामना बघत होती.’ चौदा वर्षांतलं हे पहिलंच प्रकरण. कृष्णनाथ म्हणाले, वय लहान आहे, जाईल. सुमंगलेला तेवढी खात्री नव्हती. तिनं त्या आठवड्यात माझ्यासाठी न सांगता माझ्या आवडीचं, सगळ्या भाज्या घालून खतखतं केलं, त्यावरून तिलाही किती लागलं होतं ते मला कळलं.

मी सेजलला एकटीला गाठून विचारलं, “सेजू, खरं सांग. आत कुठं तरी थोडं पिवळं वाटतं ना गो?”

“बाबा,” ती म्हणाली, “माका खेळूंक जाय.”

मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. खेळणाऱ्यासाठी त्यात रकाना नाही.

ही हकिगत मी आजवर त्रेसष्ट जणांना सांगितली. त्यांत दोन न्यायाधीश, एक भटजी आणि मयेहून आलेली पाहुण्यांची अख्खी बस होती. शेवटी सगळ्यांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला: ते सगळं ठीक, पण गोल खरा कोणाचा? तुमच्याही ओठांवर तोच आला असेल. मुळगाव कुठं आणि हळर्ण कुठं हे तुम्हाला धड ठाऊक नसेल, त्या बावीस जणांतल्या एकाचं नावसुद्धा मी तुम्हाला सांगितलेलं नाही, तरी एव्हाना तुम्ही कोणत्या तरी एका मेरेवर जाऊन बसलेला आहात. बसा, जागा आहे. मोठ्या माणसानं असंच असावं. कृष्णनाथांनी पोरीला मध्येच थांबवलं, तेव्हा तिला बोलू द्या, गोल कसा होता ते ऐकू द्या, असं तुम्हीही म्हणाला नाहीत.