म्हातारीचा वॉटर पंप

सकाळी आठ वाजता सुताराने आपली जुनी पिकअप चालू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथूनच पळत परत येऊन दारात ओरडला, "अगं, म्हातारी तापलीय! नुसती वाफ निघतेय!"

आतून त्याची आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? चांगली खुर्चीत बसून चहा पितेय."

"तुला नाही गं, गाडीला म्हणतोय."

"मग गाडी म्हण की."

गाडी बावीस वर्षांची होती. एरवी ती तापली असती तर सुताराने तिला दोन दिवस सावलीत उभी केली असती. पण आज दुपारी चार वाजता वाचनालयात टेबल पोचवायचं होतं. बारा माणसं ऐसपैस बसतील असं लांबलचक, एकही खिळा न मारता केलेलं टेबल. चार महिने तो त्यावर राबला होता आणि गल्लीतल्या प्रत्येकाला त्याबद्दल सांगून झालं होतं. काहींना दोनदा. उद्या वाचनालयाचं उद्घाटन होतं.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं, पंखा धरून हलवला, तर तो म्हातारपणीच्या दातासारखा हलला. मागून पाणी ठिबकत होतं.

"वॉटर पंप गेलाय," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "परवा बघू. माझ्याकडे आधीच चार गाड्या उघडून पडल्यात. टेबल पाठवा की एखाद्या टेम्पोने."

तो गेला आणि सुताराचा पारा चढला. "माझं टेबल दुसऱ्याच्या गाडीतून जाणार? मुळीच नाही. पंप मीच बदलतो."

"अहो, जमेल का तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"जमेल का म्हणजे? मी दोन फळ्यांचा सांधा असा बसवतो की वरून पाणी ओतलं तरी थेंब खाली जात नाही. इथे तरी दुसरं काय करायचंय?"

सुतार सायकलवर जाऊन नवा पंप घेऊन आला, बाह्या सरसावल्या आणि पहिलीच नळी जोर लावून ओढली. रेडिएटरमधलं पाणी आधी खालून काढून घ्यायचं असतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. हिरवट पाण्याचा लोट शर्टाच्या गळ्यातून आत शिरला आणि विजारीच्या पायांतून बाहेर पडला.

"जमतंय ना?" खिडकीतून बायकोचा आवाज आला.

"उत्तम चाललंय!"

आणि खरोखरच त्यानंतर बरं चाललं. पट्टा निघाला, पंखा निघाला. पंपाचे आठ बोल्ट निघाले, त्यांतले काही लांब, काही आखूड. कुठला कुठला होता हे विसरू नये म्हणून त्याने ते एका चादरीवर शिस्तीत, ओळीने मांडले आणि जुना पंप उचकटायला वळला. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"ही माझी नवी चादर!" असं म्हणून तिने ती खस्सकन ओढली.

आठही बोल्ट आठ दिशांना गेले. दोघं गाडीखाली, कुंडीमागे, गटाराच्या जाळीवर रांगत फिरले. बोल्ट सगळे सापडले, पण त्यांची ओळख पुसली होती. चुकून लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर तळाला टेकून सगळं फोडणार. सुतार दोन मिनिटं डोकं धरून बसला. मग उठला, आपल्या कारखान्यातून बारीक काड्या आणल्या, एकेका भोकात काडी घालून खोली मोजली, काडीवर पेन्सिलीने खूण केली आणि प्रत्येक बोल्ट शेजारी धरून पाहिला. आठही जुळले.

"हे मेकॅनिकच्या बापालाही सुचलं नसतं," तो म्हणाला आणि समाधानाने मागच्या स्टुलावर बसला.

स्टुलावर पंपाचं नवं पॅकिंग होतं. पंप आणि इंजिन यांच्यामधून पाणी गळू नये म्हणून घालायचा तो जाड कागद. सुतार अजून ओलाच होता. तो उठला तेव्हा पॅकिंगचा अर्धा भाग त्याच्यासोबत उठला आणि अर्धा स्टुलावरच राहिला.

पार्टचं दुकान दुपारी बंद. दुकानदार फोन उचलेना. दोन वाजले होते. सुताराने कोपऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "टेम्पोवाल्याला फोन करायचा का?"

"इकडे आण बघू ते तुकडे," आई म्हणाली.

ती खुर्ची घेऊन केव्हा बाहेर आली होती ते कुणालाच कळलं नव्हतं. पस्तीस वर्षं तिने तीन शाळांचे गणवेश शिवले होते. तिने तुकडे हातात घेतले, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, "कापायचंच आहे ना? तोंड पुस आधी."

सुताराने तोंड पुसलं.

"तुझं नाही, पंपाचं!"

मग ती आत गेली आणि जाड पुठ्ठ्याचा एक खाका घेऊन आली. वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कॉलर, आठवी'.

"आई, अगं तो किती वर्षं जपलायस तू..."

"ती मुलं आता मुलांचे बाप झाली. धर इथे."

तिने पुठ्ठा पंपाच्या तोंडावर ठेवला, बोटाने दाबत कडेकडेने फिरवला. लोखंडाचा काळा ठसा पुठ्ठ्यावर उमटला. मग तिची मोठी कात्री चालू लागली. वळणावर ना अडखळली, ना घसरली. बोल्टची भोकं तिने कमरेच्या पट्ट्याला भोकं पाडायच्या पंचाने पाडली. आठ वेळा टक् आवाज झाला. दोन्ही बाजूंनी ग्रीस फासून पॅकिंग बसवलं, तर जणू पंपाच्या अंगावरच मापं घेतली होती.

सुताराने पाना उचलला आणि पहिला बोल्ट पिळायला घेतला.

"एकच आवळत बसू नकोस! समोरासमोरचे घे, थोडे थोडे. नाहीतर एकीकडून ओढलं जाईल."

"कळतं मला," सुतार म्हणाला आणि समोरासमोरचे, थोडे थोडे आवळू लागला.

सव्वातीनला पंखा, पट्टा, नळ्या सगळं जागेवर गेलं. पाणी भरलं, गाडी चालू केली. तिघंही वाकून खाली बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक थेंब नाही. तापमानाचा काटा मधोमध जाऊन थांबला तो थांबलाच.

"बघितलंस?" सुतार बायकोला म्हणाला. "म्हटलं होतं ना, थेंब खाली जात नाही!"

शेजाऱ्यांनी टेबल चढवायला हात लावला. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली. "मी येणार. पॅकिंग माझं आहे."

बरोब्बर चारला गाडी वाचनालयाच्या दारात उभी राहिली. टेबल आत गेलं, पाय बसले. ग्रंथपालांनी लाकडावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "वा! सुंदर!"

"यात एकही खिळा नाही," सुताराने सुरुवात केली. "म्हणजे त्याचं असं आहे..."

पण मान वर केली तर समोर कुणी नव्हतं. ग्रंथपालही नव्हते. सगळी मंडळी बाहेर बॉनेटभोवती गोळा झाली होती आणि मधोमध आई उभी होती. "ठसा नीट उमटला की निम्मं काम झालं," ती सांगत होती. एक बाई चक्क वहीत लिहून घेत होत्या.

चार महिन्यांचं टेबल आत एकटं उभं होतं. सुताराला क्षणभर राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट छाती आपोआप फुगली. तो गर्दीत शिरून पुढे जाऊ लागला, तसं एका सद्गृहस्थांनी त्याला अडवलं.

"अहो, ढकलू नका. त्या सांगतायत ते ऐकू द्या. आपण कोण?"

"मी?" ग्रीसने माखलेला शर्ट नीट करत सुतार म्हणाला, "मी या मेकॅनिकबाईंचा मुलगा."