आसुबोनीच्या नवव्या पेटीचा तोतया

आशांती मुलखीं आसुबोनी गांवीं टोमॅटोच्या मळ्यांत पेटीचा तोतया उभा राहिला, त्याचें पारिपत्य कैसें जाहलें, हें पुसिलें. तरी पदरचें न घालितां, घडलें तैसें लिहिलें असे.

मळ्यांत चाळीस पेट्या मातींत तैनात. त्यांनीं ओल बिनतारी पंपघरास कळवावी आणि पंपघरानें कोरड्या वावरास पाणी द्यावें, ऐसा जाबता. पेट्यांची सरदारी सेर्वाबाई इंजिनियर यांजकडे, उमर तेवीस. नववी पेटी पोकुआमावशींचे वावरांत. तेथें भुई भेगाळली, आणि पंपघरीं मात्र नववीचे नांवें "चिंब, चिंब" ऐसीच खबर. सबब पाणी बंद, आणि तें पुढें पाणी-कमिटीचे चेअरमन बाडू यांचे वावरास जाई. आणिक दोन दिवस ऐसें जातां पीक बुडावें, ऐसा प्रसंग.

मग मावशी पंपघरावर चालून आल्या. "पोरी, माझी झाडं मेली तर तुझा तो डबा शिजवून तुलाच वाढीन!"

बाई शरमिंद्या जाहल्या आणि त्यांनीं खुद्द जाऊन नववी उकरिली, तों ती इमानें "कोरडें" म्हणत असे. म्हणजे तेंच नांव, तोच शिक्का घेऊन दुसरी कोणी तिजहून मोठ्यानें बोलत होती! हें ऐकून पाणी-कमिटी हर्षली, जुळें त्या मुलखीं शुभ, तें जाहलें म्हणून यामकंद कुस्करून, वर अंडीं ठेवून मानाचा एतो रांधिला. आणि चेअरमननीं हुकूम फर्माविला, कीं जुळ्यांस दुखवूं नये. बाईंनीं आपलें ताट तैसेंच ठेविलें.

मग मसलत सुचली. आसुबोनींत पाहुण्यास पाणी देऊन कोठून आलां पुसतात. पेट्यांस कोणीं पुसिलेंच नव्हतें. बाईंनीं फर्मान सोडिलें, कीं प्रत्येकीनें ठिकाण सांगावें, शेजारणींनीं तें ताडून चिठ्ठीनें निवडिल्या साक्षीदार पेटीस कळवावें, आणि एका नांवाचीं दोन ठिकाणें निघतां तें नांवच बाद करावें.

प्रहर न लोटतां चिठ्ठींत निघालेल्या बाविसावीनें साक्ष दिली: एक नववी मावशींचे वावरीं, दुसरी चेअरमनचे परसांत. फौज निघाली. तोतया भेंडीच्या वाफ्यांत, गळक्या माठाखालीं, चिखलांत सुखरूप सांपडला.

"अगं, जुळं आहे ते," चेअरमन म्हणाले. "जुळ्याला कोणी हाकलतं का?"

"बाडू, जुळी मी वाढवलीत," मावशी म्हणाल्या. "थोरला पानिन, धाकटा काक्रा. नावं दोन, ताटं दोन. तुझा हा माझ्या उपाशी लेकराच्या नावानं 'पोट भरलं' सांगत होता!"

तोतया कैद, नववी हें नांव बरखास्त, इमानी पेटीस एकेचाळिसावी ऐसा किताब बहाल. बुधवारीं दोन प्रहरीं पाणी सुटलें. अकरा झाडें कामास आलीं, बाकी फौज उभी राहिली. आणि जुळ्यांचे एतोंतून उरलेलें ताट मावशींनीं स्वहस्तें बाईंपुढें ठेविलें; तें बाईंनीं बोटें चाटून संपविलें. फत्ते जाहली, ऐसी नोंद असे.