चार डिशवॉशर आणि एक सबनीस

लंडनमधल्या हॅरोच्या सबनीसकाकांनी मला फसवलं. मी त्यांना विकलेलं डिशवॉशर उत्तम चालत होतं आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी बिघडलं म्हणून वर्षभरात पाच वेळा त्यांनी मला घरी बोलावलं आणि त्यातल्या चार वेळा माझ्याकडून माफी मागवून घेतली.

मी माफी मागणारा माणूस नाही. सांगलीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात फ्रिज उचलत होतो. आज स्टेशनजवळ माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी मी घासाघीस करतो, भांडतो. एकाला विकलेली केटल तर रागाने त्याच्या हातातून परत काढून घेतली होती. पण माल खराब असल्याचं मी कबूल करत नाही, कारण खराब माल मी ठेवतच नाही.

काका सत्तरीचे. तीस वर्षं ओहायोत इंजिनिअर होते. मुलीजवळ राहायचं म्हणून काकूंना घेऊन हॅरोला आले आणि वर्षाच्या आत मुलीला, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाला, रोहिणीला, दूर लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. ती गेली. हे दोघं राहिले, आणि राहिला तो तक्ता.

तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला. पट्टीने आखलेले चार रकाने: जुनं अमेरिकन, नवं अमेरिकन, जुनं युरोपियन, नवं युरोपियन. आडव्या ओळींत आवाज, वेळ, पाणी, खरकटं, वाळवण. घरी येणाऱ्याला आधी तक्ता, मग चहा. मीटर बघायला आलेला गोरासुद्धा त्यातून सुटला नाही.

"सायंटिफिकली बोलायचं तर," काका सुरू करत, "जुनं अमेरिकन मशीन खरकटं दळून गटारात सोडतं. तुमचं युरोपियन ते गाळणीत जमवतं आणि माणसाला म्हणतं, ये, हाताने काढ. मग मशीन कशाला घेतलं?"

"पण काका, ते अमेरिकन पाणी किती पितं! आणि आवाज?"

"आवाज करतं म्हणून कळतं तरी की काम चाललंय. हे तुमचं मुकं. चालू आहे की मेलंय, कान लावून बघावं लागतं. तासाभरात भांडी बाहेर, ते खरं मशीन. हे अडीच तास आत करतं काय?"

"आणि नवं अमेरिकन?"

"ते बिघडलंय. युरोपियनांची नक्कल करतंय."

पहिला फोन आला तेव्हा आवाज इतका घाबरलेला होता, की मला वाटलं घरात पाणी शिरलं. गाडी कशीबशी लावून पळत गेलो. लंडनचं पाणी जड, भांड्यांवर क्षार धरतं. म्हणून युरोपियन मशीनला खास मीठ घालायचा एक कप्पा असतो. त्यात कुणीतरी साबुदाणा भरला होता. तो फुगून वर आला होता.

"हे कुणी केलं?"

"डिझाइनचा दोष," काका म्हणाले. "आमच्या ओहायोतल्या मशीनला मिठाचा कप्पाच नव्हता. कप्पा दिला की माणूस काहीतरी भरणारच."

मागे काकू उभ्या होत्या, छान हसत. "चहा घेशील ना रे पवार?"

दुसऱ्यांदा मशीनमध्ये हाताने भांडी घासायचा पातळ साबण ओतलेला. फेस हॉलपर्यंत आला होता आणि काका त्यात पँट दुमडून उभे होते. तिसऱ्यांदा वरच्या रॅकमधून त्यांचा लोकरीचा स्वेटर निघाला, तान्ह्या बाळाला बसेल एवढा झालेला. चौथ्यांदा पंपाशी काकूंच्या चष्म्याची काडी अडकलेली. दर वेळी काका तक्त्यात 'नवं युरोपियन'खाली एक फुली मारायचे आणि निघताना दारात माझं कोपर धरायचे.

"मंडळात मी काही बोलणार नाही, पवार. तुम्ही रोहिणीजवळ काही बोलू नका."

मला ती धमकी वाटली. आमच्या मंडळाच्या गणपतीला माझी निम्मी गिऱ्हाइकं आरतीला उभी असतात. पवारचा माल भिकार, एवढं एक वाक्य प्रसादाबरोबर फिरलं की माझं दुकान बसलं. म्हणून मी माफी मागत राहिलो. घासाघिशीत मला इतक्या स्वस्तात कुणी हरवलं नव्हतं.

पाचवा फोन दुपारी आला. काका कुजबुजत होते. "दार उघडं ठेवलंय. बेल वाजवू नका."

आत गेलो. सत्तरीचे काका स्वयंपाकघरात फरशीवर, कपाटाला पाठ टेकून बसलेले. शेजारी काकू. काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरलेला. समोर मशीन, दिवा लागलेला, आवाज नाही. ही मशीनं मध्येच अशी थांबतात. भांडी भिजू देतात.

"आत कुणीतरी आहे," काकू म्हणाल्या.

"कुणी नाही गं. भांडी आहेत."

"मग गप्प का झालं? आत्ता बोलत होतं."

तेवढ्यात पंप गुरगुरला. काकू काकांना चिकटल्या. त्यांनी डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि माझ्याकडे बघून काकांच्या कानाशी विचारलं, "हे कोण?"

चार वेळा मला चहा दिलेली बाई.

"मशीन बंद करा ना काका."

"बंद केलं की ही उघडते. सगळी भांडी काढते, पुन्हा लावते, पुन्हा चालू करते आणि पुन्हा घाबरते. अजून चाळीस मिनिटं." पहिल्यांदाच ते सायंटिफिकली बोलत नव्हते. "अमेरिकन असतं तर केव्हाच सुटलो असतो हो."

भिंतीवरचा फोन वाजला. काका उठले नाहीत.

"रोहिणी असणार. लीड्सला म्हाताऱ्यांना ठेवतात तसलं एक होम बघून ठेवलंय तिने, आईसाठी. गेल्या खेपेला तिला कपाटात खरकटी भांडी सापडली. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तिचा विश्वास बसत नाही. तुम्ही सांगितलंत तर बसेल. पवार, एकदाच."

मी फोन घेतला.

"पवारअंकल? प्लीज, ऑनेस्टली सांगा. बाबा मला काहीच सांगत नाही. प्रॉब्लेम मशीनला आहे की आईला?"

काका माझ्याकडे बघत होते. बँकेत कर्ज मागायला गेलो होतो तेव्हा माझं तोंड असंच झालं असणार.

"मशीनला," मी म्हणालो. "माझाच माल खराब निघाला."

"रिअली? तुम्ही असं कधी म्हणत नाही."

"आज म्हणतोय."

फोन ठेवला आणि मीही फरशीवर बसलो, काकूंच्या दुसऱ्या बाजूला. त्यांनी माझा हात धरला. मी कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. मशीन थांबेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो.

आता माझं सबनीसांना विचारणं आहे. साबुदाणा काढायला मला बोलावलंत, फेस उपसायला बोलावलंत. शेजारी बसायला का नाही बोलावलंत? वर्षभर त्या थंड फरशीवर एकटे बसलात आणि मला तक्ते ऐकवलेत! आणि ज्या माझ्या मालाला दुसऱ्या कुणी नाव ठेवलं नाही, त्याला माझ्याच तोंडून खराब म्हणवून घेतलंत. तेही सोडलं. पण येत्या शनिवारी रोहिणी येते आहे. ती डॉक्टर आहे, काका. आईचा चेहरा एकदा नीट बघेल आणि मग माझ्याकडे वळेल. तेव्हा तिला खरं कोण सांगणार, तुम्ही की मी? मला उत्तर हवंय, आणि शनिवारच्या आत हवंय.