बांगड्या काढा, मग फुलदाणी बघा

नाशिक, सातपूर. १९८१, संक्रांतीनंतरचा रविवार. स्थळ: सोनवण्यांची खोली. हजर: महिला मंडळाच्या अध्यक्षा कुलकर्णीबाई, तक्रारदार पाटीलवहिनी आणि चिटणीस म्हणून मी. विषय एकच. सोनवण्यांनी लेखी माफी मागावी, नाहीतर मंडळाचा त्यांच्या घरावर बहिष्कार.

गुन्हा असा. पाटीलवहिनी हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला गेल्या, तर हा गृहस्थ म्हणाला, "फुलदाणी हातात घ्या, पण आधी बांगड्या काढा." सवाष्णीला! तेही संक्रांतीत!

सोनवणे मूळचे देवळ्याचे, इथे कारखान्यात स्टोअरकीपर. यंत्र बसवायला आलेल्या जपानी साहेबाने जाताना त्यांना ती हिरवी फुलदाणी दिली आणि आमच्या कॉलनीची शांतता गेली. दूधवाला येवो की मीटरवाला, त्याने हात धुवायचे, अंगठी काढायची, गादीवर मांडी घालून बसायचं. फुलदाणीत फूल कधी नाही. "कशाला? शेवंत्या कोरल्यात की कारागिरानं!" चहा मात्र कान तुटलेल्या कपातून.

आम्हालाही हात धुवायला लावलेच.

"पाकळी बघा, लय बारीक. आधी कोरलं, मग भाजलं, झिलई दिली, पुन्हा भाजलं. एवढी मेहनत तुम्ही पोळीवर तरी घेता का?"

पोळीवरून बोललेलं कुलकर्णीबाईंना खपत नाही. "माफीचं बोला," त्या म्हणाल्या.

"झिलई खाचेत साचली तिथं गडद. कडेवर पातळ, तिथं फिकी..." हे सगळं ते आमच्याकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडून सांगत होते.

आतून त्यांच्या पत्नी आल्या. या बाईंबद्दल आमचं मत ठरलेलं होतं: शिष्ट. समोरून गेलं तरी ओळख देत नाहीत. भिंत चाचपत त्या आल्या, गादीवर बसल्या आणि फुलदाणीवर बोटं फिरवू लागल्या. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

"शुगरनं नजर गेली तिची," सोनवण्यांचा आवाज एकदम खाली आला. "कोरलेलं तिला बोटांनी कळतं. झिलई सांगावी लागते. कुणाच्या बांगडीचा चरा पडला, तर तो तिच्या बोटाला रोज लागेल, वैनी. म्हणून बोललो. लिहून देतो, कागद आणा."

कागद माझ्या पिशवीत होता. तो मी काढला नाही. पाटीलवहिनींनी पदर दोन्ही हातांतल्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळला आणि हात पुढे केले. "द्या इकडे."

सोनवणेबाई माझ्याकडे वळल्या. "यांच्याजवळचे हिरवे संपले आता. कैरी झाली, शेवाळ झालं, कांद्याची पात झाली. तुम्ही सांगा ना, खाचेतला हिरवा कसा?"

"बॉटल ग्रीन," मी चटकन म्हणाले.

"कुठली बाटली?"

उद्या सांगते म्हणाले. दोन आठवडे झाले, अजून सांगायचं आहे.