पवनी ते नागपूर, व्हाया आत्या

"मोठेबाबा, थेट गाडीनं गेलेली पोरगी नेमकी कोणत्या स्टॉपवर बिघडते?"

हा प्रश्न चंद्रकांतानं भर पंगतीत विचारला. विचारायची पैज तिच्या मैत्रिणींनी, म्हणजे तुळसा आणि सत्यभामा यांनी लावली होती. "तुही हिंमतच नाई होत," असं त्या म्हणाल्या होत्या. दहावीत एकाहत्तर टक्के पडल्यापासून चंद्रकांताला हे वाक्य ऐकून घ्यायची सवय राहिली नव्हती.

मोठेबाबा म्हणजे मारोतराव. चंद्रकांताच्या वडिलांचे थोरले भाऊ, पवनीतले कापड दुकानदार आणि घरातल्या सर्व बाबतींतलं शेवटचं अपील. त्यांनी उचललेला वरणभाताचा घास परत ताटात ठेवला, घोटभर पाणी प्यायले आणि पूर्ण विचारांती म्हणाले,

"उमरेडच्या पुढं."

"काहून?"

"भिवापूरपावतर आपल्याले वळखणारे लोक हायेत. उमरेडात आपला कोणीच नाई. मंग पोरीले समजते का आता पाहणारा कोणी नाई."

उत्तर इतकं शास्त्रशुद्ध होतं की पंगतीत दुसऱ्यांदा वरण वाढलं गेलं.

मुलीच्या प्रवासाचा उद्देश मुलीनं कुठं तरी पोचावं हा नसून, ती वाटेत सतत कोणाच्या तरी ताब्यात असावी हा आहे, हे सत्य आमच्या भागात फार पूर्वीच मान्य झालेलं आहे. पोचणं ही त्यानंतरची, ऐच्छिक बाब. चंद्रकांताला नागपूरच्या एका तंत्रनिकेतनातून मुलाखतीचं कार्ड आलं होतं: सिव्हिल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, ९ जुलै १९८१, गुरुवार, सकाळी अकरा. खाली बारीक अक्षरात, ‘उशिरा येणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही.’ घरात कार्ड सगळ्यांनी वाचलं. बारीक अक्षर मात्र एकट्या चंद्रकांतानं वाचलं, कारण बाकीच्यांना चष्मे होते आणि ते कोनाड्यात होते.

आता मार्ग दोन. पहिला, सकाळी सहाची थेट एस.टी. भिवापूर, उमरेड, नागपूर. भाडं साडेआठ रुपये, वेळ तीन तास. दुसरा, पवनीहून भंडाऱ्याची गाडी, तिथून टांग्यानं वरठीचं रेल्वे स्टेशन, तिथून पॅसेंजरनं कामठी आणि मग सिटी बस. भाडं पावणेबारा रुपये (टांगेवाल्याचा स्वभाव वगळून), वेळ अडीच दिवस.

अडीच दिवस का, असा प्रश्न बाहेरगावचा माणूसच विचारील. भंडाऱ्यात जनाबाई आत्या आहेत, वरठीत तुलाराम मामा आहेत, कामठीत मावशी आहे. पद्धत अशी, की पवनीच्या स्टँडवर मुलगी कंडक्टरला सांगून बसवायची. भंडाऱ्यात आत्यानं उतरवून घ्यायची, पिशव्या मोजायच्या, रात्री ठेवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी मामाच्या हवाली. मामानं बायकांच्या डब्यात बसवून मावशीच्या हवाली. प्रत्येकानं पवनीला कार्ड टाकायचं, ‘चि. चंद्रकांता सुस्थितीत मिळाली.’ आंब्याच्या लोणच्याची बरणीसुद्धा कामठीला याच पद्धतीनं जाते. फरक एवढाच, की बरणीला तडा गेला तर आत्या कबूल करते.

"स्वस्तात आन् लवकर," मोठेबाबा म्हणाले, "असं दोन्ही ज्याच्यात असते, त्याच्यात कायतरी खोट असतेच. कपड्यात असते, त गाडीत नसन का?"

(मोठेबाबा स्वतः माल आणायला नागपूरला थेट गाडीनंच जातात. पुरुषांना बिघडायला निदान दोनशे किलोमीटर लागतात आणि नागपूर त्याच्या आतच येतं.)

चंद्रकांताचे वडील श्यामराव पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक होते. मुलीचा अर्ज त्यांनी स्वतः, सुंदर अक्षरात, कोणालाही न सांगता भरला होता. पण अर्ज भरणं वेगळं आणि मोठ्या भावासमोर बोलणं वेगळं. त्यांनी टिप्पणी लिहिली. विषय: चि. चंद्रकांता हिच्या प्रवासाबाबत. थेट गाडी वेळेवर पोचते, हे नाकारता येत नाही. तथापि वेळेवर पोचण्याची कुटुंबात पूर्वपीठिका नाही. सबब आदेशार्थ सादर. मोठेबाबांनी खाली सही केली आणि ‘व्हाया आत्या’ असं लिहिलं.

चंद्रकांता मात्र नुकतीच सांख्यिकी शिकली होती. तिनं आलेखाच्या कागदावर तक्ता काढला. गेल्या अकरा वर्षांत त्यांच्या आळीतून शिक्षण, परीक्षा किंवा मुलाखत यांसाठी नागपूरला रवाना झालेल्या मुली चौदा. पैकी गाड्या बदलत गेलेल्या तेरा. त्यांतल्या नागपूरला पोचल्या चार. भंडाऱ्यात आत्या-काकूंकडं ‘सहज’ आलेल्या पाहुण्यांना पसंत पडल्या पाच. वरठीत दोन (एकीला आता तीन मुलं आहेत, ती रोज नागपूरची पॅसेंजर पाहते, खिडकीतून). कामठीत एक. राहिलेली एक कोणाच्या तरी बारशाला थांबवून घेतली गेली आणि बारसं थाटात पार पडलं. परीक्षाही पार पडली, तिच्याशिवाय.

थेट गाडीनं गेलेली एकच, शकुन. ती पोचली, नर्स झाली. तिच्यावर काय वाईट परिणाम झाला, असं चंद्रकांतानं चार घरी विचारलं. चारही घरी एकच पुरावा मिळाला: शकुन पहिल्यांदा परत आली तेव्हा तिच्या मनगटावर घड्याळ होतं आणि वेळ ती स्वतः पाहत होती.

शनिवारी आत्याचं पत्र आलं. श्यामरावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मधल्या एका ओळीपाशी त्यांचा आवाज खाली गेला. ‘पोरीले मंगळवारीच पाठवा. बुधवारी साकोलीची मंडळी येऊन राहिली, सहज. पोरगा सिंचन खात्यात हाय. गुलाबी साडी संग द्या.’ मुलाखतीला गुलाबी साडी आणू नये असं कार्डावर कुठंही छापलेलं नव्हतं. सबब साडी पिशवीत ठेवण्यात आली.

चंद्रकांता तक्ता घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिची आई रत्नाबाई तांदूळ निवडत होती. या घरात रत्नाबाईला मत विचारायची पद्धत नव्हती, मिठाबद्दल विचारत.

"आई, हे पाय. तेरातल्या चारच पोचल्या."

रत्नाबाईनं तक्ता हातात घेतला. वरून खाली वाचला. मग एक खडा काढून बाजूला टाकला.

"एक राहिली व पोरी, याच्यात."

"कोण? मी त समद्या मोजल्या!"

"आळीतल्या मोजल्या तू. मी लाखांदूरची." रत्नाबाई सुपाकडंच पाहत होती. "सातवीची फायनल पास झाली होती मी. नागपूरले मास्तरणीच्या ट्रेनिंगले निघाली होती. पवनीत गाडी बदलाची होती. वळखीचे म्हणून एक रात इथं, याच घरी उतरवलं. सकाळी गाडी होती साडेसातची."

"मंग?"

"मंग मोठेबाबाईनं सांगतलं, पोरीच्याच हातानं चहा पाठवा बैठकीत."

चंद्रकांतानं पेन्सिल काढली, तेराचे चौदा केले. पोचलेल्यांचा आकडा मात्र चारच राहिला. तिला आयुष्यात पहिल्यांदाच गणित बरोबर आल्याचं वाईट वाटलं.

त्याच दुपारी ती बैठकीत येऊन उभी राहिली. मोठेबाबा दुकानात गेले होते. श्यामराव मुलाखतीचं कार्ड चष्मा लावून वाचत होते. बारीक अक्षरापाशी त्यांचं बोट थांबलेलं होतं. रत्नाबाई दारात, हात पदराला पुसत.

"पोरी, तुहं म्हणणं मले पटते," श्यामराव हळूच म्हणाले. "पण एकटी कशी जाशीन? संग कोणीतरी पायजे का नाई?"

(इथपर्यंत मोठेबाबांना हसत आलेल्या वाचकांपैकी ज्यांच्या मनात आत्ता ‘हे मात्र बरोबर आहे, संग कोणीतरी हवंच’ असं आलं, त्यांनी मोठेबाबांच्या शेजारी पाट मांडून घ्यावा. पंगत मोठी आहे, जागा होईल.)

चंद्रकांतानं आईकडं पाहिलं, मग बाबांकडं.

"बाबा, आई, मी ठरवलं. गुरुवारी सहाच्या थेट गाडीची दोन तिकिटं काढून राहिली मी. एक माह्यं, एक आईचं. आन् बाबा, तुमच्या टिप्पणीत बरोबर लिहा: आई माह्या सोबतीले नाई येऊन राहिली. तिले नागपूरले जाचं होतं, वीस वर्षं झाले, ते राहिलं होतं. तिले पोचवून देऊन राहिली मी."