बैठी स्त्री उभी राहिली

'बैठी स्त्री' या तैलचित्रातली बाई सोमवारी सकाळी खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि कोल्हापुरातल्या त्या छोट्या कलादालनाची पंचाईत झाली. तिच्या उठण्याला कुणाची हरकत नव्हती. पण नाव 'बैठी स्त्री' आणि बाई उभी, असं चित्र भिंतीवर ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत ती बसली नाही तर चित्र गोदामात जाईल, असं अधीक्षक घोरपडे यांनी ठरवलं, आणि त्या चित्रासाठी एकेकाळी बसलेल्या अनुसयाबाईंना बोलावून घेतलं.

अनुसयाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. तरुणपणी त्या चित्रकार इंगवले मास्तरांसमोर विवस्त्र बसल्या, हे गल्लीला ठाऊक होतं आणि गल्लीने ते त्यांना कधी विसरू दिलं नाही. पण थंडीत पायाशी पेटवलेली शेगडी, जवसाच्या तेलाचा वास आणि आपल्याकडे निवांत बघणारा एक माणूस, एवढंच काय ते सुख त्यांच्या वाट्याला आलं होतं. मास्तर गेले तेव्हा त्यांना तिरडीजवळसुद्धा जाता आलं नाही. कोण म्हणून जाणार? गोदामाचं नाव ऐकून त्या तडक दालनात आल्या.

चित्रातली बाई पोटऱ्या चोळत होती. का उठलीस, म्हणून अनुसयाबाईंनी विचारलं.

"पाय मेल्यागत झाल्यात, आक्का. इसावा मागितला की मास्तर म्हणत्यात, खांदा तेवढा हुं दे."

"म्हणत्यात?" अनुसयाबाई चौकटीजवळ सरकल्या. "मास्तर हायत तितं?"

"हायत की. न्हाईतर मी कुणाम्होरं बसलीया?"

अनुसयाबाईंनी घोरपड्यांना विचारलं, बदली माणूस चालेल का. त्यांनी नियम आठवून पाहिले. बाई बसलेली हवी, एवढंच बंधन होतं; वयाचा उल्लेख कुठेच नव्हता. मग ते रीतीप्रमाणे चित्राकडे पाठ करून उभे राहिले. चित्रातली पोरगी चौकटीतून खाली उतरली. अनुसयाबाईंनी लुगडं फेडून तिला नेसवलं आणि गुडघ्यावर हात टेकत त्या आत चढल्या.

खुर्ची अजून उबदार होती. मास्तर हातातला ब्रश थांबवून बघत राहिले. सुटलेलं पोट, ओघळलेली छाती, पांढरे केस, यातलं काहीच झाकावंसं अनुसयाबाईंना वाटलं नाही.

"खांदा ऱ्हायलाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच राहिलंय," मास्तर म्हणाले. "हनुवटी जरा वर."

पोरगी ऑफिसात चहा पिऊन रंकाळ्यावर फिरायला निघून गेली.

संध्याकाळी घोरपडे दालन बंद करायला आले. बाई बसलेली होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. तिच्या केसांवर काहीतरी चकाकल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी बोट लावून पाहिलं, तर बोटाला पांढरा रंग आला. त्यांनी तो रुमालाला पुसला, एका पुठ्ठ्यावर 'रंग ओला आहे, हात लावू नये' असं लिहिलं आणि तो चित्राखाली टांगला.